पेटी, दांडी आणि घागर : नांदेड-लातूरच्या विद्यार्थी-खोलीचा इतिहास

मराठवाड्यातल्या उच्च शिक्षणाचा इतिहास बहुधा स्थापनेच्या सालांतून सांगितला जातो. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. १९६१ साली लातूरला दयानंद महाविद्यालय, १९६३ साली नांदेडला यशवंत महाविद्यालय आणि १९७० साली लातूरला राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झाले. ही साले महत्त्वाची आहेत. पण मुखेड, देगलूर, किनवट, औसा, निलंगा, अहमदपूर इकडून आलेला मुलगा तास संपल्यावर कुठे परतत होता, हे त्या सालांवरून कळत नाही. तो बहुतेक वेळा एका खोलीवर परतत होता. आपल्याकडे विद्यार्थी खोली नुसती घेत नाही, तो ‘खोली करून’ राहतो. या बोलण्यात बरेच काही आले. चार भिंती घरमालकाच्या असतात. त्यांची खोली मुलांना करावी लागते.

ती कशी केली जात होती, चौघांचे सामान शंभर चौरस फुटांत कसे मावत होते, कोणती वस्तू कोणाची आणि कोणती सगळ्यांची, झाडू कोणी मारायचा, पाणी कोणी भरायचे, हे प्रश्न आजवर आठवणींच्या पुस्तकांत एखाद्या परिच्छेदापुरते आले. मला ते इतिहासाचे प्रश्न वाटतात. ज्या प्रदेशात महाविद्यालये उशिरा आली आणि घराण्यातला पहिला शिकणारा मुलगा गाव सोडूनच शिकला, त्या प्रदेशाचे शिक्षण वर्गाइतकेच या खोल्यांमध्ये घडले आहे.

दगडी खाटा आणि दोन जणांची खोली

सामायिक खोलीची मराठवाड्यातली सर्वांत जुनी साक्ष दगडात आहे. अजिंठ्याचे बारा क्रमांकाचे लेणे हा इसवी सनापूर्वीचा विहार. त्याच्या तीन बाजूंना मिळून बारा खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत दोन दगडी खाटा कोरलेल्या आहेत. उशाशी दगडाचाच उंचवटा. चित्रे पाहायला आलेला पाहुणा या लेण्यात फार वेळ थांबत नाही, कारण इथे चित्रांची रेलचेल नाही. पण वसतिगृहाचा इतिहास शोधणाऱ्याला इथे थांबावेच लागते. बारा खोल्या, चोवीस जागा. खोलीत एकटा कोणी नाही.

दोघांनी अशा खोलीत कसे राहावे, याचे नियम विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहेत. ते वाचताना मला पुनःपुन्हा आपल्या खोल्या आठवतात. खोली झाडायची तर आधी पात्र आणि चीवर बाहेर काढून ठेवावे, मग अंथरूण, मग खाट. खाट काढताना ती दाराला आपटू नये. जाळी-जळमटे आधी छताची काढावीत, मग खाली यावे. अंथरूण दुसऱ्या भिक्खूजवळ किंवा पिण्याच्या पाण्याजवळ झटकू नये. पात्र ठेवताना एका हातात पात्र धरून दुसऱ्या हाताने खाटेखाली चाचपून पाहावे आणि मगच ठेवावे. उघड्या जमिनीवर ठेवू नये. चीवर बांबूच्या दांडीवर किंवा दोरीवर टाकण्याआधी दांडीवरून हात फिरवून ती पुसून घ्यावी. पिण्याचे पाणी संपले असेल तर भरून ठेवावे. आणि ज्येष्ठ भिक्खूसोबत राहत असताना त्याला विचारल्याशिवाय पाठ म्हणू नये, दिवा लावू नये, दिवा विझवू नये, खिडकी उघडू नये. रात्री बारा वाजता ‘लाइट बंद कर’ आणि ‘माझा उद्या पेपर आहे’ यांवरून ज्या खोलीत भांडण झाले नाही अशी खोली विरळा. तो वाद किमान दोन हजार वर्षांचा आहे.

या नियमांचा पाया एका साध्या भेदावर आहे. पात्र आणि चीवर भिक्खूचे स्वतःचे. खाट, बैठक, गादी संघाची. संघाची खाट उघड्यावर टाकून, ती आत न ठेवता किंवा कोणाला न सांगता निघून जाणे हा प्रायश्चित्ताचा दोष मानला आहे. स्वतःची वस्तू जपायला फारसे शिकवावे लागत नाही. सगळ्यांची वस्तू कोणी जपायची, यासाठीच नियम लागतात. पुढच्या सगळ्या काळातल्या विद्यार्थी-खोल्या या एका प्रश्नावर तपासता येतात.

निजामी काळ : वार, वळकटी आणि प्रार्थनेची खोली

निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या मुलाला मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी जवळपास जागाच नव्हती. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले. तिथले माध्यम उर्दू होते. औरंगाबादला १९२३ साली इंटरमीजिएट कॉलेज निघाले. नांदेडहून गोदावरी व्हॅली रेल्वेने औरंगाबादकडे किंवा हैदराबादकडे जाता येई. लातूरला १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी पोचली होती, त्यामुळे तिथल्या काही मुलांची वाट बार्शी, सोलापूर, पुण्याकडे वळली. गाडी कुठलीही असो, सोबतचे सामान सारखेच : पत्र्याची पेटी, दोरीने बांधलेली वळकटी आणि एक तांब्या.

ज्यांना वसतिगृह मिळत नसे त्यांना नातेवाइकाच्या वाड्यात ओसरीचा कोपरा मिळे. ब्राह्मण मुलांना वार लावून जेवण्याची सोय होती : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. इतर जातींच्या मुलांना ती दारे उघडी नव्हती. म्हणूनच वसतिगृह हा केवळ सोयीचा प्रश्न राहिला नाही. कोण शिकू शकेल हे त्यावरच ठरत होते. हैदराबादमध्ये १९१८ साली रेड्डी हॉस्टेल निघाले, ते याच गरजेतून.

याच काळात वसतिगृहातल्या सामायिक जागेचे राजकीय मोलही दिसले. १९३८ साली औरंगाबादच्या कॉलेजात आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. त्यावर बंदी आली, विद्यार्थ्यांनी संप केला, मोठ्या संख्येने त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. हैदराबादच्या लढ्याच्या इतिहासात या प्रकरणाला योग्य ते स्थान मिळाले आहे. माझ्या विषयाच्या बाजूने एवढेच नोंदवतो की संघर्ष पेटला तो वर्गात नव्हे, राहत्या जागी. एकत्र बसायला एक खोली होती, म्हणून एकत्र म्हणण्याचा प्रश्न उभा राहिला. नुसत्या झोपण्याच्या जागा असत्या तर तो तसा उभा राहिला नसता.

कोल्हापूर, सातारा, नागसेनवन

मराठी मुलखातल्या वसतिगृह-चळवळीची सुरुवात मराठवाड्याबाहेरची आहे, पण तिचा धागा इथवर येतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेक बोर्डिंगे उभी राहिली आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. सामायिकतेची हद्द तिथे जात ही होती. त्या काळात सर्व जातींना एका पंगतीला बसवणे अवघड होते म्हणून महाराजांनी प्रत्येक जातीला तिचे छप्पर दिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला बोर्डिंग काढून ती हद्द ओलांडली. सर्व जातींची मुले एका स्वयंपाकघरात. दळण, झाडलोट, शेतातले काम, सगळे मुलांनीच करायचे. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आज योजनेच्या नावासारखे वाटतात. तेव्हा ती रोजच्या कामाची वाटणी होती.

तिसरे ठिकाण मराठवाड्यातले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले, परिसराचे नाव नागसेनवन झाले. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादाची आठवण त्या नावांत आहे. पण वर सांगितलेल्या दोन खाटांच्या खोल्यांशीही हे नाव नाते सांगते, असे मला वाटते. बाबासाहेबांना एका खोलीतला अभ्यास ठाऊक होता. धनंजय कीरांच्या चरित्रात परळच्या चाळीतल्या त्या खोलीचे वर्णन आहे. खोलीत दोघांना झोपायला पुरेशी जागा नसल्याने मुलगा आधी झोपे, वडील रामजी जागे राहत आणि रात्री दोन वाजता त्याला अभ्यासाला उठवून मग स्वतः आडवे होत. जागा वाढवता येत नव्हती म्हणून बापलेकांनी वेळ वाटून घेतली.

मिलिंदमध्ये आणि तिथल्या वसतिगृहांत मराठवाड्यातली दलित मुले पहिल्यांदा मोठ्या संख्येने एकत्र राहिली. मराठवाड्यातल्या दलित साहित्याची एक पूर्ण पिढी या परिसरात वाढली. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली आले. त्यातला भुकेचा आणि राहण्याच्या जागेचा शोध वाचला की वसतिगृहातली एक जागा म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

खोली करणे

१९५० नंतर नांदेडला आणि १९६१ नंतर लातूरला मुले येऊ लागली तेव्हा महाविद्यालयांची वसतिगृहे अपुरी होती. उरलेली मुले गावात शिरली. नांदेडच्या जुन्या वस्तीत, लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास वाड्यांमध्ये एकेक-दोन-दोन खणांच्या खोल्या भाड्याने मिळत. वर माळवद, भिंतीत देवळी, दाराशेजारी खुंट्या. १९८७च्या जूनमध्ये मीही लातूरला अशीच खोली केली. आम्ही चौघे होतो. खोली साधारण दहा बाय दहाची.

तिचा हिशोब मांडून पाहू. शंभर चौरस फूट जागा. एका माणसाच्या अंथरुणाला सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, म्हणजे पंधरा चौरस फूट लागते. चौघांचे साठ. चार पेट्यांचे पंधरा. स्टोव्ह, भांडी आणि पाण्याची घागर यांना दहा. उरले पंधरा, त्यात दाराची उघडझाप आणि चपला. म्हणजे रात्री खोली पूर्ण भरलेली असे. पण सकाळी वळकट्या गुंडाळून भिंतीला लावल्या की साठातले पन्नास फूट मोकळे होत. तीच जागा अभ्यासाची, जेवणाची, आलेल्या मित्राला बसवण्याची. ही सारी व्यवस्था वळकटीवर उभी होती. एकाने जरी उशिरापर्यंत अंथरूण पसरलेले ठेवले तरी चौघांची दिवसाची खोली मोडत असे. नीटनेटकेपणाचा संबंध तिथे टापटिपीच्या हौसेशी नव्हता, दुसऱ्याच्या हक्काशी होता.

पेटी मात्र ज्याची त्याची. तिला कुलूप. वरच्या कप्प्यात परीक्षेची पावती, बसचा पास, बापाचे पत्र. खाली इस्त्रीच्या घड्या मोडू नयेत म्हणून गादीखाली दाबून मग ठेवलेला एक शर्ट. पेटीवर वर्तमानपत्र अंथरले की तेच टेबल. भिंतीत दोन खिळे ठोकून बांधलेल्या दोरीवर, नाहीतर टांगलेल्या दांडीवर कपडे. तिच्यावरही हद्दी असत. देवळीत चौघांचे मिळून एक घड्याळ आणि आरसा. विजेचा गोळा एकच, खोलीच्या मध्यावर. म्हणून त्याच्या खाली कोणी बसायचे याचीही पाळी.

पाळी हा त्या खोलीचा कायदा होता. झाडण्याची पाळी, पाणी भरण्याची पाळी, रॉकेलसाठी रांगेत उभे राहण्याची पाळी. एक हिशेबाची वही असे. काडेपेटीपासून मिठापर्यंत सगळे तिच्यात आणि महिनाअखेरीस भागिले चार. जो घरून तूर-मूग आणे त्याला तेवढी वजावट. भांडणे होत, वही फेकली जाई, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वही उघडावी लागे, कारण स्टोव्ह एकच होता.

खोलीचे दुसरे घड्याळ एस.टी. होती. निजामाच्या राज्यात १९३२ पासून सरकारी बस चालत होती. १९६१ साली मराठवाड्यातली ही सेवा महाराष्ट्राच्या एस.टी.त मिसळली. गावोगावच्या आयांनी तिचा वेगळाच उपयोग शोधून काढला. पहाटे भाकरी थापायच्या, डबा फडक्यात बांधायचा, फडक्यावर नाव लिहायचे आणि पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हवाली करायचा. लातूरच्या, नांदेडच्या बसस्थानकावर सकाळी डब्यांची रास लागे. ज्याची पाळी तो चौघांचे डबे घेऊन येई. संध्याकाळच्या गाडीने रिकामे डबे परत. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की गाडी येत नसे, आणि मग ज्याचा डबा आला त्याच्या भाकरीचे चार भाग होत. डब्याच्या झाकणाखाली शेंगदाण्याची चटणी, कधी धपाटे, तर कधी एखादी चिठ्ठी. रिकामा डबा घासूनच परत पाठवायचा हा खोलीचा अलिखित नियम होता. तो मोडला तर गावाकडे आईला कळत असे.

या खोल्यांचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. खोली सगळ्यांना मिळत नव्हती. घरमालक आधी आडनाव विचारी. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव आणि गावातली वस्ती विचारी. दलित मुलाला जुन्या वस्तीत खोली मिळणे फार कठीण होते. त्याने नाव लपवून घेतली तर कळल्यावर सोडावी लागे. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्यात मारले गेले. त्यानंतर शहरांतल्या मिश्र खोल्या टिकवणे आणखी अवघड झाले असणार, हे समजायला कागदपत्रे लागत नाहीत. पाळीचा कायदा सुंदर होता, पण त्या कायद्याच्या आत कोणाला घ्यायचे हे दारावर ठरत होते. म्हणूनच समाजकल्याण खात्याच्या शासकीय वसतिगृहातली लोखंडी खाट अनेक घराण्यांत पहिल्या पदवीचे कारण ठरली.

मुलींची खोली तर आणखी उशिराची. त्या काळात शिकायला आलेली मुलगी मावशीकडे, आत्याकडे राहत असे. तिची ‘जागा’ म्हणजे स्वयंपाकघरालगतचा कोपरा आणि अभ्यासाची वेळ म्हणजे सगळ्यांची जेवणे उरकून भांडी झाल्यानंतरची. पेटीला कुलूप लावण्याचा हक्कही तिला नातेवाइकाच्या घरात क्वचितच असे. आज दोन्ही शहरांत मुलींची शेकडो वसतिगृहे दिसतात. त्यांच्या खिडक्यांना जाळ्या आहेत, संध्याकाळच्या वेळा कडक आहेत, तरी स्वतःच्या नावाचे कपाट मिळालेली ही पहिलीच पिढी आहे.

भूकंप आणि पाणी

लातूरच्या खोलीवर दोन घटनांचा वेगळा ठसा आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला. सुमारे दहा हजार माणसे गेली. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेले होते. जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचे जड माळवद, हीच घरे मारक ठरली. लोक कित्येक आठवडे घराबाहेर झोपले. भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुले शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने पुण्याला शिक्षणासाठी नेली. एका रात्रीत घर गेलेल्या मुलांचे घर म्हणजे वसतिगृह झाले. आणि लातूर शहरात माळवदाची खोली करायला मुले धजेनात. सिमेंटच्या स्लॅबची खोली हवी, असा नवा आग्रह इथूनच धरला गेला. उशाशी वरच्या फळीवर जड काही ठेवायचे नाही, ही सवय त्या वर्षी लागली आणि अनेकांची आजही सुटलेली नाही.

दुसरी घटना पाण्याची. लातूर मांजरा धरणाच्या पाण्यावर जगते. लागोपाठच्या दुष्काळांत ते धरण कोरडे पडले. २०१६च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी लातूरला आली : दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ज्या मार्गावर एकेकाळी अरुंद गाडी पेट्या-वळकट्या घेऊन धावत होती, त्याच मार्गाने आता पाणी येत होते. त्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांच्या खोल्यांची मांडणी पाण्याभोवती झाली. दाराशी ड्रम, खाटेखाली कॅन, टेबलावर पिण्याचा जार. अंघोळीचे पाणी बादलीत धरायचे, त्यात कपडे, मग तेच संडासाला. वहीतला हिशोब रुपयांऐवजी बादल्यांचा झाला. ज्या खोल्यांत पाळी होती त्या निभावल्या. जिथे प्रत्येकाने आपापला कॅन कुलपात ठेवला तिथे आधी भांडण आले, मग गावाची गाडी.

कॉट बेसिस

१९८०-९०च्या दशकांत राजर्षी शाहू महाविद्यालयात जी अभ्यासपद्धती घडली ती ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्यानंतर प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांची नावे त्या संदर्भात घेतली जातात. जादा तास आणि सराव परीक्षा ही तिची उघड बाजू. तिच्या मागे मुलांच्या राहण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. लातुरात औसा रोड, सिग्नल कॅम्प, खर्डेकर स्टॉप. नांदेडात श्यामनगर, भाग्यनगर, बाबानगर. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांसाठी दुरून मुले येतात. खोलीऐवजी आता ‘कॉट बेसिस’ विचारला जातो.

हा शब्द मला फार बोलका वाटतो. भाड्याचे एकक बदलले : खोलीचे भाडे भागिले चार नाही, एका खाटेचे भाडे. सहा बाय तीनची खाट अठरा चौरस फूट अडवते. चार खाटांचे बहात्तर झाले. वळकटी गुंडाळून मोकळी होणारी दिवसाची जमीन संपली. खोलीत रात्र आणि दिवस सारखेच दिसतात. प्रत्येकाचे राज्य खाटेवर आणि खाटेखाली : वर गादी, पुस्तके, चार्जर, खाली सुटकेस, बादली, चपला, खाऊचा डबा. पेटी गेली, तिची जागा कपाटाच्या एका कप्प्याने घेतली. झाडायला बाई येते, जेवण मेसचे, पाणी जारचे. अभ्यासासाठी मुलगा बाहेर अभ्यासिकेत महिन्याच्या दराने खुर्ची घेतो, कारण खोलीत बसायला जमीन उरलेली नाही. झोपायची जागा एकीकडे, बसायची दुसरीकडे, जेवायची तिसरीकडे. तिन्हींचे पैसे वेगळे.

या खोल्या जुन्यांपेक्षा स्वच्छ आहेत, पक्क्या आहेत आणि कॉटचे पैसे मोजणाऱ्याला आडनाव तुलनेने कमी विचारले जाते. ही सुधारणा खरी आहे. पण एका खोलीतले तिघे-चौघे तिथे शेजारी असतात, भागीदार नसतात. हिशेबाची वही नाही, पाळी नाही. अजिंठ्याच्या त्या खोलीत खाट संघाची आणि पात्र आपले होते. आता पात्र मेसचे झाले आणि खाट तेवढी आपली, तीही महिन्यापुरती. सतरा वर्षांचा मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत जागतो की झोपतो, जेवतो की नाही, हे खोलीतल्या दुसऱ्याला दिसते. त्याची विचारपूस करणे मात्र कोणाच्या पाळीत येत नाही.

सरकारचे धोरणही याच दिशेने गेले. शासकीय वसतिगृहांत जागा अपुऱ्या, म्हणून २०१६-१७ पासून प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आली. रक्कम थेट बँक खात्यात. सुरुवातीच्या दरांप्रमाणे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, मधल्या गटात ५१,००० आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,०००. या शेवटच्या रकमेत निवासाचे १२,०००, म्हणजे महिन्याला १,०००. योजनेने हजारो मुलांना शहरात टिकवले, हे मान्यच करायला हवे. पण शासकीय वसतिगृहात खाटेबरोबर ग्रंथालयाचा कोपरा, भोजनसमिती, गृहपाल आणि आपल्यासारखीच मुले मिळत. खात्यात जमा झालेल्या रकमेतून एक खाट भाड्याने मिळते. बाकीचे प्रत्येकाने आपले आपण जमवायचे. आणि आडनाव विचारणारा घरमालक अजून पूर्णपणे गेलेला नाही.

लहान खोली नीट कशी ठेवावी याचे सल्ले आज पुष्कळ मिळतात : खाटेखाली खोके ठेवा, दारामागे हुक लावा, नको ते टाकून द्या. त्यांत वावगे काही नाही. आमच्या खिळ्या-दोऱ्यांचीच ती पुढची पायरी आहे. मात्र नांदेड-लातूरच्या खोल्यांचा पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहता, खोली नीट राहिली ती तिच्यात काहीतरी सगळ्यांचे होते तेव्हा. एक स्टोव्ह, एक घागर, एक वही, विजेचा एक गोळा. टंचाईने ते लादले होते, आणि ती टंचाई परत यावी असे कोणी म्हणणार नाही. पण नवे वसतिगृह बांधताना, मग ते सरकारी असो, संस्थेचे असो की खाजगी, खाटांची संख्या मोजून झाल्यावर आणखी एक गोष्ट नकाशावर दाखवता येईल : चौघांनी मिळून बसायची मोकळी जमीन, आणि तिची पाळी लिहायला भिंतीवर एक फळा. त्याला फार खर्च येत नाही.